ग्रोपियस हाउस, लिंकन : बोस्टनला मुलांकडे जाताय ना, मग हे घर बघूनच या

आम्ही दर दोन वर्षांनी लेकीकडे जातो, बोस्टनच्या बाहेर राहते ती, आणि हार्वर्ड, चार्ल्स नदी, मत्स्यालय, नायगारा सगळं आता बघून झालंय, त्यामुळे या वेळी ऑक्टोबरात जायचं कुठे असा प्रश्न होता. तेव्हा जावईच म्हणाले, आई, तुम्हाला घरं बघायला आवडतात ना, इथे जवळच लिंकन गावात एका आर्किटेक्टने स्वतःच्या बायको-मुलीसाठी बांधलेलं घर आहे, आता म्युझियम केलंय, चला. आमचे हे म्हणाले, घरात काय बघायचं? पण आले. आणि परत येताना गाडीत सगळ्यात जास्त तेच बोलत होते.

मी काही आर्किटेक्ट नाही, पण प्लॅन म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहितीये. माझे बाबा ओव्हरसियर होते. आमचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड पानशेतच्या पुरात गेलं, १२ जुलै १९६१, भांडीकुंडी, पुस्तकं, आईचं हार्मोनियम, सगळंच. मग कर्ज काढून बाबांनी एरंडवण्यात प्लॉट घेतला आणि बंगल्याचा प्लॅन स्वतः काढला, रात्री जेवणं झाली की पाटावर ड्रॉइंग शीट पसरून. त्याची निळी प्रिंट अजून भावाकडे आहे. त्या बंगल्यात ओट्याची उंची अठ्ठावीस इंच होती, कारण आई बुटकी होती आणि बाबांनी तिला भिंतीला उभं करून कोपरापाशी पेन्सिलीने खूण केली होती. तो बंगला आता रिडेव्हलपमेंटला गेलाय. हे सगळं आधी सांगतेय कारण लिंकनचं घर मी याच डोळ्यांनी बघितलं, दुसऱ्या कुणाला ते कदाचित वेगळं दिसेल.

तर घर कुणाचं? वॉल्टर ग्रोपियस. जर्मनीत १९१९ साली वायमारला बाउहाउस नावाची शाळा काढली ती याच माणसाने, आज आपण जी स्टीलच्या नळीची खुर्ची, सपाट गच्ची, कोपऱ्यातली मोठी काच असं सगळं मॉडर्न म्हणतो त्यातलं पुष्कळ त्या शाळेतून आलंय. नाझी आले, १९३३ मध्ये शाळा बंद पडली, ग्रोपियस १९३४ ला इंग्लंडला गेले आणि १९३७ मध्ये हार्वर्डला शिकवायला आले. पन्नाशी उलटलेली, बायको इझे, बारा वर्षांची मुलगी आती, आणि परका देश. तेव्हा हेलन स्टोरो नावाच्या एका श्रीमंत बाईंनी सांगितलं की जमीन माझी, पैसे मी घालते, तुम्ही घर बांधा, भाड्याने राहा आणि पुढे जमेल तेव्हा विकत घ्या. १९३८ मध्ये घर उभं राहिलं. त्यांचे जुने सहकारी मार्सेल ब्रॉयर यांनीही डिझाइनला हातभार लावला आणि नंतर त्या बाईंच्याच मदतीने शेजारी स्वतःचं घरही बांधलं. गाइडबाई हे सांगत होत्या तेव्हा मला बाबा आठवत होते, सगळं गेल्यावर परत पहिल्यापासून घर मांडायचं म्हणजे काय असतं ते आमच्या घरात बघितलेलं आहे.

लांबून घर बघितलं तर पहिल्यांदा थोडी निराशाच होते हे खरं सांगते. सफरचंदाच्या जुन्या बागेतल्या टेकाडावर एक पांढरा चौकोनी ठोकळा, वर सपाट, बस्स. आमच्याकडे प्रभात रोडला असे चार बंगले दाखवीन. पण जवळ गेल्यावर कळतं की हे सिमेंटचं नाहीच, लाकडाचं आहे. लेकीच्या गल्लीत सगळी घरं लाकडी फळ्यांची, फळी आडवी, एकीवर एक चढवलेली, वरून पांढरा रंग. या माणसाने तिथलंच लाकूड घेतलं, पण फळी उभी लावली! पाया तिथल्याच दगडाचा, धुराडं विटांचं. म्हणजे जर्मनीहून आलेला एवढा मोठा माणूस, पण आल्या आल्या तिथले लोक घर कसं बांधतात ते बघत हिंडला आणि त्यांचंच सामान वापरलं. आणि त्याच्या जोडीला काचेच्या विटा, क्रोमचा कठडा, ध्वनी शोषणारं प्लास्टर, जमिनीला कॉर्क. दिवे, कठडे या वस्तू कॅटलॉग बघून कंपन्यांकडून मागवलेल्या, म्हणजे दुकानात, कारखान्यात, ऑफिसात जे लावतात तेच घरात लावलं.

दारातून आत शिरलं की एक छोटा हॉल आहे, तिथे भिंतीला आतूनही उभ्या फळ्या. गाइडबाई म्हणाल्या की हे चित्रं टांगण्यासाठी, खिळा ठोका, काढा, भोक बुजवून रंगाचा एक हात मारा, कुठे होतं कळतही नाही. मी यांच्याकडे बघितलं. आमच्याकडे एक फोटो लावायचा म्हणजे ड्रिल, धूळ, प्लास्टर निघणार, आणि मग नकोच ते, असं होतं.

आता जिना. बाहेरचा. ही या घरातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगते. घराच्या दर्शनी बाजूलाच एक लोखंडी गोल जिना आहे, आपल्याकडे जुन्या बंगल्यांना मागच्या बाजूला गच्चीवर जायला असतो ना, अगदी तसा, फक्त यांनी तो मागे लपवला नाही. तो जातो वरच्या उघड्या गच्चीवर आणि तिथून थेट मुलीच्या खोलीत. झालं असं की घर बांधायच्या आधी ग्रोपियसनी आतीला विचारलं, तुला कशी खोली हवी? तिने सांगितलं की मला काचेचं छत हवं, म्हणजे झोपून तारे दिसतील, आणि जमिनीवर वाळू हवी. आता बारा वर्षांच्या पोरीने असं काही मागितलं तर आपण काय म्हणतो ते आपल्याला माहितीये. काचेचं छत आणि वाळू तिला मिळाली नाही, पण तारे बघायला खोलीला लागून ती गच्ची मिळाली आणि यायला-जायला स्वतःचा जिना मिळाला, म्हणजे मैत्रिणी आल्या तर हॉलमधल्या पाहुण्यांमधून जायला नको.

माझी नात अकरा वर्षांची आहे. ती त्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभी होती. मग मला हळूच म्हणाली, "आजी, तिला खरंच विचारलं होतं?" मी म्हटलं हो. "आणि मग केलं पण?" तिच्या तोंडावरचं ते आश्चर्य बघून माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण खरंच, आपण घरातल्या किती जणांना विचारतो?

खाली अभ्यासिकेत एक टेबल आहे. लांबलचक, दोघांचं. हे ब्रॉयरनी जर्मनीत असताना डिझाइन केलेलं, बाउहाउसच्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं, आणि ते एवढं लांबून इथे आलं. नवरा-बायको शेजारी शेजारी बसायचे, समोर खिडकी, कारण इझे त्यांच्या पत्रव्यवहारापासून लेखांपर्यंत सगळ्या कामात बरोबरीने असायच्या. मी त्या टेबलाशी वाकून बघत होते, दोन्ही बाजू सारख्या आहेत का म्हणून. एका बाजूला मोठी खुर्ची आणि दुसरीकडे स्टूल असं नाही. आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे आणि मी बँकेत होते, आणि तीस वर्षं आमच्या घरात टेबल एकच होतं, त्यावर यांचे पेपर, मी हिशेब करायची ते डायनिंगवर, ताटं उचलून झाल्यावर. मी काही बोलले नाही पण यांनीच म्हटलं, आपल्याला असं सुचलं नाही गं.

जेवायच्या टेबलावर छतात एकच दिवा बसवलाय, झोत असा की उजेड बरोबर त्या गोल टेबलावर पडतो, कडेच्या बाहेर नाही. बाकी खोली अंधारात, आणि टेबल तेवढं उजळलेलं. अभ्यासिका आणि जेवायची जागा यांच्यामध्ये काचेच्या विटांची भिंत, म्हणजे उजेड पलीकडे जातो, माणूस दिसत नाही. बैठकीच्या खोलीच्या दक्षिणेला मोठ्या काचा, बाहेर उतार आणि झाडी, तांबडी-पिवळी झालेली. खुर्च्या ब्रॉयरच्या, भिंतीवर मोठमोठ्या कलावंतांची कामं, मित्रांनी दिलेली. रंग म्हणाल तर पांढरा, राखाडी, मातकट, आणि मध्येच कुठेतरी एक लाल. त्या लाल रंगाने खोली कशी हसते ते फोटोत कळत नाही.

काचांचं गणित यांनी आम्हाला समजावून सांगितलं, गाइडबाईसुद्धा ऐकत उभ्या राहिल्या. दक्षिणेच्या काचेवर छज्जा पुढे काढलाय. बोस्टन ४२ अक्षांशावर, त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ७१ अंशावर असतो, छज्ज्याची सावली काचेवर पडते आणि घर तापत नाही. डिसेंबरात तोच सूर्य जेमतेम २४ अंशावर, मग ऊन छज्ज्याखालून सरळ आत खोलीभर येतं, फुकटची ऊब. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती आणि ऊन जमिनीवर बरंच आत आलेलं. पुणे साडेअठरा अक्षांशावर, आपल्याकडे दक्षिणेला छोटा छज्जाही पुरतो, खरा त्रास पश्चिमेच्या उन्हाचा, हे बाबांना पक्कं माहिती होतं, आमच्या बंगल्याला पश्चिमेला खिडकी म्हणून नव्हती, फक्त जिना आणि न्हाणी. आता येणाऱ्या बिल्डिंगच्या प्लॅनमध्ये माझ्या भावाची झोपायची खोली बरोब्बर पश्चिमेला, पूर्ण उंचीची काच लावून. भावाने विचारलं तर उत्तर आलं की एलेव्हेशनला, म्हणजे बाहेरून बघताना, छान दिसतं. कंपनीचं नाव घेत नाही, पण हे उत्तर ऐकल्यापासून मला फार वाईट वाटतंय.

पाण्याचंही असंच डोकं लावलंय. चारही बाथरूम वायव्येच्या कोपऱ्यात, जिथून घराची शोभा जात नाही अशा बाजूला, आणि सगळ्यांना मिळून मुख्य पाइप एकच. सपाट छताचं पाणी कडेने न सोडता मधून, घराच्या आतून खाली नेलंय, कारण कडेला सोडलं तर थंडीत पाइपात बर्फ होऊन तुंबणार, आतल्या उबेत तसं होत नाही. मागच्या बाजूला जाळीची पडवी आहे, घराला चिकटून आडवी न घेता काटकोनात बाहेर काढलेली, म्हणजे आतल्या खोल्यांचा उजेड अडत नाही आणि पडवीत वारा आरपार. तिथल्या डासांचं काही विचारू नका, मुळामुठेच्या काठचे परवडले, त्यामुळे जाळी का ते मला सांगायला लागलं नाही. तिथे एक झोपाळा हवा होता एवढंच वाटलं.

वरती नवरा-बायकोच्या झोपायच्या खोलीत एक आख्खी काचेची भिंत आहे, पलंग एका बाजूला आणि कपडे करायची जागा दुसऱ्या बाजूला. कारण? त्यांना झोपायला थंड हवा लागायची, पण कपडे बदलताना कुडकुडायला नको, म्हणून एक भाग गार ठेवायचा आणि एक गरम, आणि काच असल्यामुळे खोली मात्र एकच वाटते. हे वाचून नुसतं चमत्कारिक वाटेल, तिथे उभं राहिल्यावर पटतं. पंखा चार वर की दोनवर यावरून ज्या घरात रोज रात्री बोलणं होतं त्यांना तर लगेच पटेल.

आता न पटलेली एक गोष्ट. स्वयंपाकघर. चिंचोळं, कपाटं नीटनेटकी, त्या काळाच्या मानाने सोयी चांगल्या, पण बाकी घरात जो जीव ओतलाय ना, तो मला इथे दिसला नाही. शेजारी कामवाल्या बाईची खोली आहे, म्हणजे ओट्याशी उभी राहणारी घरातली नव्हतीच. मुलीला विचारलं तसं तिला कुणी विचारलं असेल का, तुला टेबल किती उंच हवं, खिडकी कुठे हवी? मला तिथे आईच्या कोपराची ती पेन्सिलीची खूण सारखी आठवत होती. टूर मध्येही स्वयंपाकघर पटकन होतं, मी मात्र मागे रेंगाळले. बाबा काही मोठे आर्किटेक्ट नव्हते, त्यांचं नाव कुठे छापून आलेलं नाही, पण या एका बाबतीत ते पुढे होते असं मी अगदी मनापासून सांगते.

ग्रोपियस १९६९ मध्ये गेले, शेवटपर्यंत इथेच राहिले. इझेनी १९७४ मध्ये घर हिस्टॉरिक न्यू इंग्लंड या संस्थेला देऊन टाकलं, तिचं नाव तेव्हा वेगळं होतं, पण स्वतः १९८३ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिल्या. २००० साली घराला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क हा दर्जा मिळाला. आणि आपण? या वयाचे पुण्यातले बंगले आपल्या डोळ्यांदेखत जातायत, दर पावसाळ्यानंतर एका गल्लीत नवीन पत्रे लागलेले दिसतात. मी काही तक्रार करत नाही, आम्ही पण दिलाच ना बंगला, चार भावंडं, कुणी तिथे राहत नाही, गळणारी गच्ची, दुसरा मार्ग नव्हता. पण देण्याआधी कुणीतरी मोजमापं घेऊन, फोटो काढून ठेवायला हवे होते, कुठल्या खिडकीतून काय दिसायचं, ओटा किती उंच होता. आम्ही तेवढंही केलं नाही, आणि ती एक निळी प्रिंट सोडली तर आता काही नाही.

जाणाऱ्यांसाठी कामाचं. घर नुसतं चालत जाऊन बघता येत नाही, वेळेची टूर असते, गाइड बरोबर असतात, साधारण तासाभराची, आणि एका वेळी माणसं थोडीच घेतात, म्हणून वेबसाईटवर दिवस बघून आधीच तिकीट काढा. थंडीत टूरचे दिवस कमी असतात. बोस्टनहून लिंकनला लोकल आहे पण स्टेशनपासून घर लांब पडतं, गाडी असलेली बरी. तिकीट आणि माहितीची जागा त्यांच्या जुन्या गॅरेजमध्येच आहे. खुर्च्या सगळ्या मूळच्या, म्युझियमच्या वस्तू, त्यामुळे बसता येत नाही, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या, शिवाय आत वर जायला जिना आहे. खाण्याचं बरोबर न्या, आम्ही थालीपीठं आणि दही नेलं होतं, ते जवळच वॉल्डन तळ्याकाठी बसून खाल्लं, तिथलं पाणी आणि झाडी बघून दिवस सार्थकी लागला. इंग्रजीची अडचण वाटत असेल तर घाबरू नका, गाइडबाई हळू बोलत होत्या आणि विचारलेलं सगळं शांतपणे सांगत होत्या, मी तर दोनदा विचारलं.

घर मोठं नाही हं, साधारण २३०० चौरस फूट, आपल्याकडच्या मध्यम बंगल्याएवढं. झगमगाट बघायचा असेल तर जाऊ नका. पण ज्यांचं रिडेव्हलपमेंट चाललंय, ज्यांच्या हातात सध्या प्लॅनचा कागद आहे, त्यांनी तिकडे गेल्यावर नक्की एक दिवस काढा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा स्वयंपाकघराचा कापला.

पुण्यात आल्यावर भावाला टेबलाचा किस्सा सांगितला. रविवारी आमची प्लॅनवर मीटिंग होती, त्यात पहिल्यांदाच त्याने वहिनीला आणि दोन्ही मुलांना बसवलं आणि एकेकाला विचारलं की तुम्हाला काय हवंय. पश्चिमेची काच अर्ध्या उंचीवर आणायला आर्किटेक्ट तयार झालाय, छज्जा दोन फूट मिळतोय. ओट्याची उंची सगळ्या बारा फ्लॅटना सारखीच राहणार म्हणाले, तेव्हा वहिनी उठली, टेप आणली आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या कोपराच्या अंदाजाने ओटा किती उंच हवा ते मोजून दाखवलं. साडेतीस इंच. ते आकडा लिहून घेऊन गेलेत.